तेरा-शून्य-पंचेचाळीस

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीची बाग निसवायला लागली की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एक आकडा पुन्हा पुन्हा ऐकू येतो : तेरा-शून्य-पंचेचाळीस. रासायनिक नाव कुणी घेत नाही आणि घेण्याची गरजही नसते. पंचवीस किलोची गोणी मोटारसायकलवर आडवी पडते, शेतात जाते, ड्रममध्ये विरघळते आणि व्हेंच्युरीतून ठिबकच्या नळ्यांत शिरते. आकड्यांचा अर्थ सरळ आहे. नत्र १३ टक्के, स्फुरद शून्य, पालाश ४५ टक्के. शेवटचा आकडा तेवढा फसवा आहे. पालाश मोजायची जुनी पद्धत पोटॅशिअम ऑक्साइडच्या हिशेबाने चालते, आणि गोणीत ते ऑक्साइड कणभरही नसते. आत असते पोटॅशिअम नायट्रेट, म्हणजे आपला जुना सोरा. तोफांच्या दारूत पडायचा तोच.

केळीचा घड भरायला हे खत काय करते, ते खान्देशातल्या शेतकऱ्याला कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगले ठाऊक आहे. या प्रकरणाचा विषय वेगळा आहे. ही पांढरी भुकटी उष्णतेशी कशी वागते, ते पाहायचे आहे. पाण्यात टाकली तर ती पाणी गार करते. वितळवली तर दिवसभराची उष्णता पोटात धरून रात्री परत देते. कोळसा, गंधक किंवा साखर सोबत असेल तर ठिणगीसरशी भडकते. एकाच पदार्थाची ही तीन रूपे परस्परविरोधी वाटतात. ती तशी नाहीत, हे दाखवता आले तर या प्रकरणाचे काम झाले.

सुरुवात ड्रमपासून करू. पन्नास लिटर पाण्यात पाच किलो तेरा-शून्य-पंचेचाळीस टाकून काठीने ढवळले की ड्रमचा पत्रा हाताला गार लागतो. हा भास नाही. पाण्याचे तापमान खरोखर आठेक अंशांनी उतरलेले असते. एक किलो पोटॅशिअम नायट्रेट विरघळताना सुमारे ३४५ किलोज्यूल उष्णता ओढून घेते, आणि ती आणायची कुठून? आजूबाजूच्या पाण्यातूनच. युरियाचेही असेच होते. अमोनिअम नायट्रेटचा आकडा किलोमागे ३२० च्या आसपास, सोडिअम नायट्रेटचा २४० च्या आसपास. खेळाडूंच्या मुरगळलेल्या घोट्यावर ठेवायच्या, दाबताच गार होणाऱ्या पिशव्यांत बहुधा यांपैकीच एखादे रसायन असते.

कारण असे. स्फटिकात पोटॅशिअमचे धन आयन आणि नायट्रेटचे ऋण आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांना सुटे करायला ऊर्जा लागते. सुटे झालेले आयन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात तेव्हा थोडी ऊर्जा परत मिळते. पोटॅशिअमचा आयन आकाराने मोठा आहे, त्यामुळे त्याच्यावरचा भार विरळ पसरतो आणि पाणी त्याला फारसे घट्ट धरत नाही. नायट्रेटचेही तेच. परत मिळणारी ऊर्जा खर्चाला पुरत नाही आणि तूट पाण्याच्या उष्णतेतून भरली जाते. मग तुटीचा हा व्यवहार आपणहून होतो तरी कशाला? शिस्तीत बसलेले आयन सुटे होऊन पाण्यात भटकायला लागले की त्यांच्या मांडणीच्या शक्यता प्रचंड वाढतात, आणि उष्णतेची तूट सोसूनही निसर्गाचा कल त्या पसाऱ्याकडे असतो.

याचा एक व्यावहारिक परिणाम हिवाळ्यात दिसतो. सोऱ्याची विद्राव्यता तापमानावर विलक्षण अवलंबून आहे. शंभर ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला जेमतेम १३ ग्रॅम विरघळतो, २० अंशांना ३२ ग्रॅम, ६० अंशांना ११० ग्रॅम, आणि उकळत्या पाण्यात जवळजवळ २५० ग्रॅम. डिसेंबरच्या पहाटे टाकीतले पाणी बारा अंशांवर असताना घाईने पन्नास लिटरमध्ये दहा किलो ओतले, तर विरघळता विरघळता पाणी आणखी गार होते, गार पाण्यात विद्राव्यता घटते आणि तीनेक किलो खत ड्रमच्या तळाशी तसेच बसते. खत भेसळीचे निघाले, अशी तक्रार मग दुकानदाराकडे जाते. तेवढेच खत बोअरच्या ताज्या, पंचवीस अंशांच्या पाण्यात मात्र पुरते विरघळते.

पाणी गार करायच्या या गुणाचा उपयोग अकबराच्या दरबारात रीतसर होत असे. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त त्याची कृतीच दिली आहे. पाण्याच्या वजनाच्या निम्मा सोरा पाण्यात घालायचा आणि पिण्याच्या पाण्याची धातूची सुरई त्या मिश्रणात फिरवत राहायची. प्रमाण विचार करून ठरवलेले दिसते. एवढा सोरा पूर्ण विरघळत नाही, पण शिल्लक असल्यामुळे पाणी त्याला लागेल तेवढा घेत राहते आणि तापमान पंधराएक अंशांनी उतरू शकते. नंतर पाणी उन्हात आटवले की सोरा जसाच्या तसा परत. ज्या सोऱ्याने दारू पेटते त्यानेच पाणी गार होते, या विरोधाभासाची मौज अबुल फजललाही वाटली होती. हाच अबुल फजल पुढे खान्देशच्या मोहिमेवर आला. १६०१ च्या जानेवारीत असीरगड पडला आणि फारुकींचे खान्देश मोगली सुभा झाले, तेव्हा वेढ्याच्या कामात त्याचा प्रत्यक्ष हात होता. त्या वेढ्यात तोफखान्यात किती सोरा गेला आणि पाणी गार करणाऱ्या आबदारखान्यात किती, याचा हिशेब कुणीतरी लिहून ठेवायला हवा होता.

आता पाणी बाजूला ठेवून कोरडा सोरा तापवू.

नायट्रेट आयनात मधोमध नायट्रोजनचा एक अणू आणि भोवती ऑक्सिजनचे तीन. सगळे एका पातळीत, त्रिकोणात, आणि ऋणभार तिघांत सारखा वाटलेला. या वाटपामुळे आयन बराच स्थिर असतो. पण नायट्रोजनला ऑक्सिजनने इथे पुरते लुटलेले असते. संधी मिळताच नायट्रोजन इलेक्ट्रॉन परत मिळवायला बघतो आणि ऑक्सिजन दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली होतो. संधी कधी मिळेल, हे बरेचसे जोडीदार ठरवतो. जोडीदार धातूचा आयन लहान आणि जास्त भाराचा असेल, तर तो नायट्रेटचा इलेक्ट्रॉनांचा ढग आपल्याकडे खेचून वेडावाकडा करतो आणि आयन लवकर मोडतो. मॅग्नेशिअम नायट्रेट म्हणूनच थोड्या उष्णतेने तपकिरी, विषारी वायू सोडायला लागते. सोडिअम आणि पोटॅशिअमचे आयन मोठे आणि एकाच भाराचे. ते नायट्रेटला फारसे छळत नाहीत.

त्यामुळे पोटॅशिअम नायट्रेट शांतपणे तापत जाते. १२९ अंशांना स्फटिकाची आतली रचना बदलते. बाहेरून काही दिसत नाही, पण त्या बदलासाठी थोडी उष्णता खर्च होते. ३३४ अंशांना ते वितळून पाण्यासारखे नितळ होते. सोडिअम नायट्रेट त्याच्या आधीच, ३०८ अंशांच्या सुमारास वितळते. आणखी तापवले की पाचशे अंशांच्या पुढे एकेक ऑक्सिजन सुटायला लागतो आणि नायट्रेटचे नायट्राइट होते. गंमत म्हणजे ही वाट दुहेरी आहे. वर हवा असेल तर नायट्राइट ऑक्सिजन परत घेते आणि दोन्हींचा समतोल टिकतो. सहाशे अंश ओलांडले की हा समतोल मोडतो. नायट्राइटही फुटते, नायट्रोजनचे ऑक्साइड वायू निघून जातात आणि मागे क्षारीय ऑक्साइड उरते. तिथून परतीची वाट नाही, शिवाय ते ऑक्साइड पोलादाची टाकी खाते.

वितळलेल्या नायट्रेटजवळ ऑक्सिजनचा असा साठा असतो, आणि जळाऊ पदार्थ भेटला की तो साठा कामाला लागतो. तोफेची दारू बंद नळीत, हवेशिवाय पेटते ती यामुळे. दारूतली उष्णता सोऱ्याची नव्हे, ती कोळसा आणि गंधकाच्या ज्वलनाची. सोरा फक्त ऑक्सिजन पुरवतो, आणि तो वाऱ्याची वाट न पाहता कणाकणाला चिकटून पुरवतो. एकटा सोरा जळत नाही.

अमोनिअम नायट्रेटचे मात्र वेगळे. तिथे जोडीदार धातू नाही. जोडीदार आहे अमोनिअम, म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजन, आणि हायड्रोजन हे इंधन. इंधन आणि ऑक्सिजन एकाच स्फटिकात शेजारी शेजारी. ते १७० अंशांच्या आत वितळते आणि त्यानंतरचे त्याचे वागणे भरवशाचे नाही. टेक्सास सिटीच्या बंदरात १९४७ च्या एप्रिलमध्ये खताने भरलेले जहाज उडाले, तेव्हा सुमारे ५८० माणसे गेली. बैरूतमध्ये ४ ऑगस्ट २०२० रोजी गोदामात वर्षानुवर्षे पडून असलेले २,७५० टन उडाले आणि दोनशेहून जास्त माणसे मेली. आपल्याकडे २०१२ च्या नियमांनी वजनाने ४५ टक्क्यांपेक्षा जास्त अमोनिअम नायट्रेट असलेल्या मिश्रणांना परवान्याच्या चौकटीत आणले.

या पदार्थाचा आणखी एक गुण खान्देशाने लक्षात ठेवावा असा आहे. त्याच्या स्फटिकाची रचना ३२ अंशांना बदलते आणि त्या वेळी आकारमान साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढते. युरोपातल्या गोदामात हे उन्हाळ्यात कधीतरी घडत असेल. जळगाव-भुसावळात ‘मे हीट’च्या दिवसांत पत्र्याखालचे तापमान दुपारी पन्नासच्या घरात जाते आणि पहाटे तिशीच्या खाली येते. म्हणजे तो ३२ चा उंबरठा रोज दोनदा ओलांडला जातो. दाणे फुगतात, आक्रसतात, भेगाळतात, त्यांची भुकटी होते आणि ती दगडासारखी बसते. असा दगड फोडायला पहार उचलू नये, एवढे सांगून पुढे जातो.

सोडिअम आणि पोटॅशिअम नायट्रेट एकत्र केले की प्रकरणाचा सगळ्यात रसाळ भाग सुरू होतो. एकाचा द्रवणांक ३०८, दुसऱ्याचा ३३४. मिश्रणाचा या दोहोंच्या मधे कुठेतरी असावा, असे वाटते. प्रत्यक्षात तो २२० पर्यंत घसरतो. दोन निराळ्या मापांचे आयन एकत्र आले की त्यांना नीटनेटका स्फटिक बांधणे अवघड जाते आणि द्रव अवस्था त्यांना सोयीची होते. सर्वांत कमी तापमानाला वितळणारे मिश्रण वजनाने ४६ भाग सोडिअम नायट्रेट आणि ५४ भाग पोटॅशिअम नायट्रेटचे आहे. उद्योगात मात्र ६० आणि ४० चे प्रमाण वापरतात, कारण सोडिअम नायट्रेट स्वस्त पडते आणि द्रवणांक थोडाच वाढतो. हे मिश्रण थंड होताना २४० अंशांच्या जरा खाली गोठायला लागते आणि २२० ला पूर्ण गोठते. जगभर त्याला ‘सोलर सॉल्ट’ म्हणतात. आपण सौरमीठ म्हणू.

सौरमिठाचे गुण पाहिले की अभियंते त्याच्या प्रेमात का पडले ते कळते. २९० ते ५६५ अंश एवढ्या पल्ल्यात ते द्रव राहते आणि त्याला बाष्पदाब जवळजवळ नसतो. पाणी २९० अंशांवर द्रव ठेवायचे तर वातावरणाच्या सत्तरपटीहून जास्त दाब सोसणारे भांडे लागते. सौरमीठ साध्या, बिनदाबाच्या टाकीत राहते. तापलेल्या तेलाची मजल चारशे अंशांच्या आतच संपते, शिवाय तेल पेटते. सौरमीठ स्वतः पेटत नाही. ५६५ अंशांना त्याचा चिकटपणा आपल्या पिण्याच्या पाण्याएवढाच असतो, त्यामुळे पंपाने सहज चढवता येते. घनता पाण्याच्या पावणेदोन ते दोन पट. विशिष्ट उष्मा किलोमागे दर अंशाला दीड किलोज्यूल. पाण्याच्या तुलनेत हा कमी आहे, पण पल्ला २७५ अंशांचा असल्याने भरपाई होते.

हिशेब करू. एक टन सौरमीठ ५६५ वरून २९० अंशांवर उतरले तर चार लाख बारा हजार किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे ११५ युनिट उष्णता देते. मोठ्या वाफेच्या टर्बाइनने तिच्यातली ४० टक्के विजेत बदलली तर हाती ४५ युनिट येतात. पाच एचपीची मोटर तासाला साडेचार युनिट घेते असे धरले, तर रात्रीचे दहा तास पाणी. एक टन मीठ, एक मोटर, एक रात्र. ते टनभर मीठ मावायला साडेपाचशे-सहाशे लिटरची टाकी पुरे. गच्चीवरच्या काळ्या टाकीपेक्षाही लहान. गोण्यांच्या भाषेत पंचवीस किलोच्या सोळा तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि चोवीस सोडिअम नायट्रेट.

हे गणित वाचून कुणी खरोखर गोण्या आणू नयेत. त्या ४० टक्क्यांसाठी शेकडो मेगावॉटचे टर्बाइन लागते. बांधावर ठेवायच्या वाफेच्या इंजिनाने दहा टक्के दिले तरी नशीब. दुसरे म्हणजे खताच्या शुद्धतेचे आणि टाकीच्या शुद्धतेचे निकष वेगळे. खतात क्लोराइड थोडे जास्त असले तर झाडाला फरक पडत नाही, पण पाचशे अंशांना तेच क्लोराइड पोलाद पोखरते. मॅग्नेशिअमचा अंश पहिल्या तापवणीतच विषारी वायू होऊन बाहेर पडतो. आणि एकदा मीठ नळीत गोठले की ते परत वितळवणे ही नाजूक गोष्ट आहे. बर्फ वितळताना आकसतो, नायट्रेट वितळताना फुगते. सोडिअम नायट्रेट तर दहा टक्क्यांच्या आसपास. दोन्ही टोकांना गोठलेल्या नळीचा मधला भाग आधी वितळला तर त्याला फुगायला जागा नसते आणि नळी फाटते. म्हणून मिठाच्या प्रकल्पात प्रत्येक नळीला, प्रत्येक झडपेला विजेची तापतार गुंडाळलेली असते.

कॅलिफोर्नियातल्या बार्स्टोजवळ ‘सोलर टू’ हा दहा मेगावॉटचा मनोरा १९९६ ते १९९९ चालला आणि त्याने हे तंत्र जमते, एवढे दाखवून दिले. भोवती आरसे, मधे मनोरा, मनोऱ्यात चढताना २९० अंशांचे आणि उतरताना ५६५ अंशांचे मीठ. स्पेनमध्ये ग्रानादाजवळ ‘अंदासोल’च्या पहिल्या संचात २८,५०० टन मीठ आहे आणि ते सूर्यास्तानंतर साडेसात तास ५० मेगावॉट वीज देऊ शकते. तिथे आरशांच्या पन्हाळींत तेल फिरते, म्हणून मीठही चारशेच्या आतच तापते आणि जास्त लागते. सेव्हिलजवळच्या ‘जेमासोलार’चा साठा पंधरा तासांचा. नेवाडातल्या ‘क्रेसेंट ड्यून्स’ची गोष्ट कमी सुखाची. ११० मेगावॉटचा तो प्रकल्प २०१५ मध्ये सुरू झाला, २०१६ मध्ये तप्त मिठाची टाकी गळायला लागली आणि आठ महिने बंद पडला. २०१९ मध्ये वीज घेणाऱ्या कंपनीने करार मोडला. चिलीच्या अटाकामा वाळवंटात २०२१ मध्ये सुरू झालेला ‘सेरो डोमिनादोर’ साडेसतरा तासांचा साठा ठेवतो. तिथे योगायोगही मोठा आहे. जगाला सोडिअम नायट्रेट पुरवणाऱ्या खाणी त्याच वाळवंटात आहेत. पावसाअभावी टिकून राहिलेला नायट्रेट आणि पावसाअभावी मिळणारे स्वच्छ ऊन, दोन्ही एकाच जागी.

मग खान्देशात का नाही? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे, पण तो फोटोव्होल्टाइक पट्ट्यांचा. ऊन थेट विजेत, मिठाचा संबंध नाही, आणि सूर्य मावळला की कारभार बंद. आरशांच्या प्रकल्पाला थेट किरण लागतात. ढगाळ आभाळातून पसरून येणारा उजेड आरशाला एका बिंदूवर आणता येत नाही, पट्टीला तो चालतो. मे महिन्यातले खान्देशी ऊन पाहून भुलू नये. पावसाळ्याचे चार महिने आरसे बहुतेक नुसतेच उभे राहतील. राजस्थानात आरशांचे मोठे प्रकल्प झाले, पोखरणजवळच्या धुरसरचा १२५ मेगावॉटचा २०१४ मध्ये उभा राहिला. तोही साठ्याविना. दरम्यान पट्ट्या इतक्या स्वस्त झाल्या की आरशांकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही. हा निर्णय चुकीचा होता, असे मी म्हणणार नाही. रात्रीचा प्रश्न तेवढा तसाच राहिला. कृषी पंपांना दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली. तिच्यामागे अंधारात, साप-विंचवांतून मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसांचे गाऱ्हाणे आहे. योजनेने गाऱ्हाण्याचे उत्तर दिले, पण साठवणीला बगल देऊन : पाणीच दिवसा उपसा.

साठवण स्वयंपाकघरात आणता येईल का, हाही प्रश्न धुळ्याला परका नाही. धुळ्याचे अभियंते डॉ. अजय चांडक यांनी ‘प्रिन्स’ नावाने परावर्तकाचे सौर कुकर घडवले आणि त्यांचा प्रसार केला. अशा कुकरची अडचण सगळ्यांना माहीत आहे. भाकरी लागते रात्री आठला. इथिओपियातल्या मेकेले विद्यापीठाने नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या तंत्रविद्यापीठाच्या साथीने यावर काम केले आहे. तिथे इंजेरा नावाची मोठी, जाळीदार पोळी तव्यावर भाजतात आणि तिला दोनशेच्या आसपास तापमान लागते. तव्याखाली सौरमीठ वितळवून ठेवले तर ते गोठताना २२० अंशांजवळ आपली अप्रकट उष्णता सोडत राहते आणि तवा बराच वेळ तापलेला राहतो. कल्पना खान्देशी खापरालाही लागू पडेल. वीस किलो मीठ २५० वरून २०० अंशांवर येताना एक युनिटभर उष्णता देते. निम्मी वाया गेली तरी आठ-दहा भाकरी निघतील.

खरी अडचण उष्णता वाहण्याची आहे. सौरमीठ उष्णतेचे फार वाईट वाहक. तव्याला टेकलेला थर आधी गोठतो आणि घट्ट पांघरूण होऊन खालची उष्णता अडवतो, म्हणून मिठात ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या उभ्या कराव्या लागतात. आणि दुसरी अडचण, जिच्यामुळे मी हे घरगुती साधन म्हणून सुचवणार नाही : खापरावर भाजायचे आहेत मांडे. पुरणात गूळ, वर तूप. पत्र्याला भेग पडून यांतले काही वितळलेल्या नायट्रेटला भेटले, तर ऑक्सिजनचा तो साठा कामाला लागायला वेळ लागणार नाही. सॉल्ट बाथ, म्हणजे वितळलेल्या मिठाची भट्टी, चालवणाऱ्या धातुकारखान्यांत तेलाचा बोळा आणि ओले हत्यार भट्टीजवळ येऊ देत नाहीत. घरातल्या ओट्यावर ती शिस्त कोण पाळणार?

मिठासाठी खान्देशात योग्य जागा शोधायची तर ती मला भुसावळजवळच्या दीपनगरला दिसते. तिथले औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालते आणि जुन्या बांधणीच्या २१० मेगावॉटच्या संचात टर्बाइनला वाफ ५३५ ते ५४० अंशांची लागते. ५६५ अंशांच्या मिठातून नेमकी तेवढी वाफ काढता येते. म्हणजे बॉयलर गेला तरी टर्बाइन, जनित्र, पारेषणाच्या तारा, तापीचे पाणी आणि वाफेशी आयुष्य काढलेली माणसे, सगळे जागेवर राहते. बदलायचे ते फक्त उष्णता येण्याचे दार. दुपारी जादा झालेल्या सौर विजेने हीटर लावून मीठ तापवायचे, संध्याकाळी त्याची वाफ करायची. चिलीत कोळशाच्या केंद्रासाठी असा आराखडा मांडला गेला आहे.

२१० मेगावॉट पाच तास चालवायचे तर साडेदहा लाख युनिट हवीत. टनाला ४५ च्या हिशेबाने २३,३०० टन मीठ, म्हणजे अंदासोलपेक्षाही थोडे कमी. त्यासाठी १४ मीटर उंच आणि ३५ मीटर व्यासाच्या दोन टाक्या पुरतील, एक ५६५ अंशांची, एक २९० ची. केंद्राच्या कोळसा-अंगणात त्या कुठेही मावतील. त्या मिठातला पोटॅशिअम नायट्रेटचा वाटा पावणेचार लाख गोण्यांचा.

आता दुसरी बाजू. साडेदहा लाख युनिट बाहेर काढायला दुपारी २६ लाख आत घालावी लागतात, कारण टर्बाइन साठ टक्के उष्णता शीतमनोऱ्यातून आभाळात सोडते. साक्रीचा प्रकल्प चांगल्या दिवशी पूर्ण क्षमतेच्या पाच तासांएवढी, म्हणजे सव्वासहा लाख युनिट देतो असे धरले, तर दीपनगरच्या एका संध्याकाळसाठी चार साक्री खर्ची पडतात. लिथिअमच्या बॅटऱ्यांत तेच काम दोन साक्रींत होते. बॅटरी दहा-पंधरा वर्षांत झिजते, मीठ झिजत नाही, आणि फिरते अवजड टर्बाइन वीजजाळ्याला जी स्थिरता देते ती बॅटरीला निराळ्या उपायाने आणावी लागते. पण आधी दोन जास्तीचे साक्री बांधायचे की दर बारा वर्षांनी बॅटऱ्या बदलायच्या, हा सवाल दुपारची वीज किती फुकट जाते यावर अडून आहे. आज ती तेवढी फुकट जात नाही. शिवाय टाकीचा तळ रोजच्या तापण्या-निवण्याने कुठे ताणला जातो आणि कुठे फाटतो, याची नेवाडात महागात पडलेली गोष्ट अभियंत्यांनी आधी निस्तरायला हवी. दीपनगरचे जुने टर्बाइन तोवर भंगारात गेलेले नसावे.